जुनी बॅटरी पाहून नवी घेतली आणि दोनदा अडकलो: गाडीच्या बॅटरीचं माप शोधताना

9 मे 2024, गुरुवार. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती आणि मी मुराळी म्हणून बहिणीला आणायला अमळनेरहून साक्रीला गेलो होतो. जेवण झालं, तिची पिशवी, भाच्याची सायकल, लोणच्याची बरणी असं सगळं डिकीत बसलं. किल्ली फिरवली तर इंजिनाऐवजी नुसता टकटक आवाज. हॉर्न दाबला, तोही घसा बसल्यासारखा. बहीण ओट्यावर उभी होती. म्हणाली, "काय व्हयनं रे भाऊ?"

बॅटरी बसली होती. त्या दिवसापासून योग्य मापाची बॅटरी गाडीत बसेपर्यंत 29 दिवस गेले. मधे एक नवी बॅटरी विकत घेतली आणि तीही निरुपयोगी ठरली. माझ्यासारखी जुनी, दुसऱ्या हाताची गाडी आपल्या भागात घरोघरी आहे, म्हणून झालं ते तारखांसकट लिहून ठेवतो.

आधी गाडीविषयी. 2013 सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक, डिसेंबर 2021 मध्ये जळगावहून घेतलेली. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच नावाच्या गाडीला पेट्रोलमध्ये एक बॅटरी लागते, डिझेलमध्ये दुसरी, आणि कधी कधी साल बदललं की तिसरी. मी नाव लिहिलं तर कुणीतरी तेवढंच वाचून दुकानात जाईल. गाडीसोबत माहितीपुस्तिका मिळाली नव्हती. व्यवहाराच्या वेळी ती मागायला हवी होती, हे पुढे कळलं.

साक्रीत त्या दुपारी एक ट्रकवाला मदतीला थांबला. भला माणूस, स्वतः केबल काढायला लागला. मेहुण्यांनी त्याला हात जोडून थांबवलं. मोठ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. आपली गाडी 12 व्होल्टची. त्या बॅटरीवरून आपल्या बॅटरीला जम्पर केबल जोडून करंट घेतला तर गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. हायवेवर अडकलेल्याला कुणाचीही मदत देवासारखी वाटते, तरी एवढं विचारून घ्या. शेवटी गल्लीतल्या एकाची पिकअप आली. आधी बंद गाडीचा प्लस, मग चालू गाडीचा प्लस, मग चालू गाडीचा मायनस आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते, म्हणून लांब. गाडी चालू झाली. अमळनेरपर्यंत कुठेही बंद केली नाही, पारोळ्याला चहासुद्धा घेतला नाही.

आखाजी झाली. 11 तारखेला, शनिवारी, जवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने बोनेट उघडलं, जुनी बॅटरी पाहिली, म्हणाला, "35 अँपिअरची आहे, हीच लागेल." तशीच नवी आणली, पोराने दहा मिनिटांत बसवली. किंमत 4,300 रुपये, जुन्या बॅटरीचे 600 वजा, हातात पडलेलं बिल 3,700 चं. वॉरंटी 36 महिने: पहिले 18 महिने बिघडली तर फुकट बदलून आणि पुढचे 18 महिने जितके दिवस वापरली त्या प्रमाणात पैसे कापून. वॉरंटी कार्डावर तारीख, गाडीचा नंबर आणि बॅटरीवरचा अनुक्रमांक लिहून घेतला. हे एक काम मी नीट केलं होतं, आणि पुढे तेच उपयोगी पडलं.

बसवताना एक गोष्ट डोळ्यांत भरली होती. प्लसची जाड लाल केबल बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. तिला वीतभर लांबीचा दुसऱ्या केबलचा तुकडा नट-बोल्टने जोडलेला होता, वर काळी टेप. आणि बॅटरीला वरून दाबून धरणारी पट्टी जागेवर नव्हती. सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधलेला होता. पोराला विचारलं तर म्हणाला, "पहिलेपासून असंच आहे ना." मीही मान डोलावली. गाडी चालू होत होती, जुन्या जागी नवी बसली होती, मला आणखी काय हवं होतं?

13 मे रोजी आमच्याकडे लोकसभेचं मतदान झालं. आईला गाडीतून मतदानाला नेऊन आणलं, गाडी व्यवस्थित. त्यानंतर रोजच्या फेऱ्या: घर ते पतसंस्था, पतसंस्था ते घर, संध्याकाळी भाजी. दोन-दोन किलोमीटरच्या. एसी मात्र प्रत्येक वेळी पूर्ण जोरात, कारण मेमधला खानदेश काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. पारा 44-45 वर, स्टीअरिंगला हात लावला की चटका.

24 मे, शुक्रवार. आईच्या डोळ्यांची तपासणी धुळ्यात होती. बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले, त्यामुळे तिला उजेड सहन होत नव्हता. दुपारी एकच्या सुमाराला बाहेर आलो. आईला पुढच्या सीटवर बसवलं, डोळ्यांवर पदर. किल्ली फिरवली. टकटक.

नवी बॅटरी. तेरा दिवसांची.

त्या क्षणी राग कुणावर काढावा कळत नव्हतं. आई म्हणत होती, "गाडी कसामुये चालू व्हत नही?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला रिक्षाने देवपूरला मावसभावाकडे पाठवलं आणि त्यालाच फोन करून ऑटो इलेक्ट्रिशियन विचारला. अर्ध्या तासाने सगळे ज्यांना नाना म्हणतात ते स्कूटरवर आले. साठीचे असतील. बरोबर एक पिशवी, त्यात मल्टिमीटर, पाने आणि जम्पर केबल.

मी सांगायला सुरुवात केली की बॅटरी खराब निघाली. त्यांनी ऐकून घेतलं, पण बॅटरीकडे पाहिलंच नाही. ती टेप लावलेली केबल बोटाने चाचपली. मग मीटर लावला. गाडी बंद असताना बॅटरी 12.2 व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी निवांत असताना 12.6 ते 12.7 दाखवते, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. "अर्धी आहे, पण एवढ्या गरमीत छोटं पेट्रोल इंजिन अर्ध्यावर फिरायला पाहिजे," नाना म्हणाले. मला सेल्फ मारायला सांगितला. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर 10.2 व्होल्ट होते. मीटरची तार स्टार्टर मोटरवर नेली, पुन्हा सेल्फ, तिथे 8 व्होल्ट. बॅटरीतून निघालेले दोन व्होल्ट वाटेतच गळत होते.

मग त्यांनी जे केलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं आणि दुसरं त्या जोडाच्या पलीकडे, मूळ केबलच्या टोकाला. दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही, फक्त तो जोड टाळून पलीकडे जायला रस्ता दिला. "आते मार." एका सेल्फमध्ये गाडी चालू.

"तुन्ही बॅटरीमा काही खराबी नही," नाना म्हणाले. "पन ही बॅटरी या गाडीनीच नही."

त्या दिवशीचे 250 रुपये झाले. ते घेऊन नानांनी मला सावलीत उभं केलं आणि अर्धा तास शिकवलं. त्यांच्याकडून शिकलेलं आणि नंतर मी स्वतः मोजून, कंपन्यांच्या मापपुस्तिका पाहून पक्कं केलेलं इथे एकत्र सांगतो.

आपण दुकानात एकच आकडा बोलतो: 35 अँपिअरची द्या. खरं तर तो अँपिअर-अवर असतो. 35 अँपिअर-अवर म्हणजे 1.75 अँपिअरचा भार ती वीस तास पेलेल. म्हणजे टाकी किती मोठी आहे तेवढंच तो आकडा सांगतो. पण एकाच क्षमतेच्या बॅटऱ्या वेगवेगळ्या डब्यांत येतात, प्लस एकीत डावीकडे तर दुसरीत उजवीकडे, टर्मिनल एकीचे जाड तर दुसरीचे बारीक.

माझ्या नव्या बॅटरीवर 38B20R असा शिक्का होता. ही जपानी पद्धतीची खूण. पहिले 38 म्हणजे ताकदीचा दर्जा, B म्हणजे रुंदी-उंचीचा ठरलेला गट, 20 म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं अक्षर R किंवा L म्हणजे टर्मिनल कोणत्या बाजूला. डबा साधारण 197 मिलिमीटर लांब, 129 रुंद आणि टर्मिनलसकट 227 उंच. R आणि L या दोन बॅटऱ्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. डबा तोच, क्षमता तीच, किंमत तीच, फक्त प्लस-मायनसच्या जागांची अदलाबदल.

माझ्या गाडीला L लागत होती. आधीच्या मालकाला कधीतरी L मिळाली नसणार. मग त्याने R बसवली, प्लस दुसऱ्या टोकाला गेला, केबल पोचेना, म्हणून तुकडा जोडला. मी ती जुनी R दाखवून नवी R आणली. दुकानदारानेही जुनीच पाहिली, गाडी पाहिली नाही. मी जुन्या बॅटरीला पुरावा मानलं आणि तोच पुरावा चुकीचा होता.

बॅटरीची बाजू सांगायला दुकानात "डावी", "उजवी" हे शब्द वापरू नका. कुणी गाडीसमोर उभं राहून बोलतो, कुणी सीटवर बसल्यासारखं. मला दोन दुकानांत दोन उलट उत्तरं मिळाली. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आपल्या पोटाकडे येतील असं उभं राहायचं, प्लस कोणत्या हाताला येतो ते पाहायचं आणि फोटो काढायचा. त्याहून महत्त्वाचं, गाडीच्या मूळ केबल ओढाताण न होता कुठे पोचतात ते पाहायचं. केबल खोटं बोलत नाही.

त्या एका जोडाने इतकं का बिघडावं, हे मला आधी पटत नव्हतं. सेल्फ मारताना छोटं पेट्रोल इंजिनही दीडशे अँपिअरच्या आसपास ओढतं. जोडाचा अडथळा ओहमच्या फक्त शंभराव्या भागाएवढा असला तरी दीडशे गुणिले शंभरावा भाग म्हणजे दीड व्होल्ट तिथेच खर्च. माझा जोड गंजलेला होता, बोल्ट सैल होता, त्यामुळे दोन व्होल्टच्या वर. चार्जिंगचंही तेच: अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा भाग, 14.2 देत होता, बॅटरीवर 13.8 पोचत होते. लांबच्या प्रवासात तेवढ्यावरही बॅटरी हळूहळू भरते. माझ्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत एसी चालू ठेवून ती भरणं शक्य नव्हतं. रोज थोडी खाली, थोडी खाली, आणि 24 तारखेच्या उन्हात ती टेकली.

25 मे, शनिवार. नानांच्या दुकानी गाडी नेली. जोड काढून टाकला, मूळ केबलचं टोक कापून नवा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, दाबून बसवला. केबल आणि मजुरी मिळून 650 रुपये. आता केबल फक्त L च्या जागीच पोचत होती, R साठी तात्पुरती जम्परसारखी तार दिली. त्यांच्याकडे माझ्या मापाची L नव्हती. त्यांनी बजावलं की घाईने दुसरी विकत घेऊ नको, आधी विकणाऱ्याकडे जा.

सोमवारी, 27 तारखेला गेलो. दुकानदाराचं म्हणणं, तुम्ही जशी दाखवली तशी दिली, वापरलेली परत घेणार नाही. बॅटरीवरच्या गोल खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, हिरवा दिसतोय, बॅटरी ठीक आहे. त्या खिडकीबद्दल नानांनी आधीच सांगितलं होतं: बॅटरीत सहा सेल असतात आणि ती खिडकी एकाच सेलमध्ये डोकावते. बाकी पाच काय करतायत ते तिला ठाऊक नसतं. पण त्या वादात पडलो नाही, कारण बॅटरी ठीकच होती. माझं म्हणणं वेगळं होतं: गाडी समोर उभी असताना तिच्यासाठी चुकीची वस्तू दिली गेली. आवाज थोडा चढला, दोन्हीकडचा. घरी आलो तेव्हा डोकं दुखत होतं.

28 तारखेला बॅटरी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी बिलाचा नंबर, तारीख, वॉरंटी कार्डावरचा अनुक्रमांक आणि गाडीचा नंबर विचारला. सगळं हाताशी होतं म्हणून पाच मिनिटांत तक्रार क्रमांक मिळाला. 48 तासांत माणूस येईल असं सांगितलं. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबरही लिहून ठेवला होता, त्याची गरज पडली नाही.

मधल्या दिवसात, 29 ला, जळगावला दुसरं काम होतं. वाटलं, दर तरी पाहून ठेवू. अजिंठा चौफुलीच्या परिसरात तीन दुकानं फिरलो. पहिल्यात L होती, पण टर्मिनल जाड. तेव्हा कळलं की टर्मिनलचीही दोन मापं आहेत. जाड प्रकारात प्लसचा खुंट बुडाशी साधारण 19.5 मिलिमीटर, बारीक प्रकारात 14.7. दोन्हींत मायनसचा खुंट प्लसपेक्षा थोडा बारीक असतो, म्हणजे उलटं बसवू पाहणाऱ्याला क्लॅम्प, केबलच्या टोकाची खुंटाभोवतीची पकड, तीच अडवते. माझ्या गाडीचे क्लॅम्प बारीक प्रकारचे. तिथला पोरगा म्हणाला, "काही नाही, कानशीने घासून देतो," आणि खरोखर कानस उचलली. शिसं मऊ असतं, घासलं जातं. पण घासलेला खुंट गोल राहत नाही, क्लॅम्प चारी बाजूंनी टेकत नाही आणि मग पुन्हा तेच: सैल जोड, गळणारे व्होल्ट. वर शिशाचा भुगा हाताला आणि श्वासाला, तो विषारी. मी नको म्हणालो. जाड क्लॅम्पवर बारीक टर्मिनल बसवायला पितळी टोप्या मिळतात, त्याही शक्यतो टाळाव्यात असं माझं मत झालं.

दुसऱ्या दुकानात सांगितलं, 45 ची घ्या, पाचशे-सातशे जास्त, पण टेन्शन नाही. मोह झाला. मोठी क्षमता बसवली तर अल्टरनेटर जळतो असं म्हणतात, ते खरं नाही. तो तिला भरतो, रिकामी असेल तर वेळ जास्त लागतो इतकंच. अडचण डब्याची होती. ती बॅटरी 24 गटातली, जवळजवळ 24 सेंटिमीटर लांब, आणि माझ्या गाडीतला बॅटरी ठेवायचा ट्रे वीस सेंटिमीटरच्या आसपास. ट्रेच्या काठावर चढवून बसवली असती तर दाबपट्टी लागली नसती. खड्ड्यांच्या रस्त्यावर हलणाऱ्या बॅटरीच्या आतल्या प्लेटांचं शिसं झडतं आणि तळाशी साचतं. आपल्याकडे बॅटऱ्या लवकर जातात त्याचं खापर आपण नेहमी उन्हावर फोडतो. ऊन कारण आहेच, उष्णतेने पाणी उडतं आणि आतल्या जाळ्या गंजतात. पण सायकलच्या ट्यूबने बांधलेली बॅटरीही तितकीच लवकर जाते.

तिसऱ्या दुकानातल्या काकांनी नीट समजावलं. नव्या गाड्यांपैकी बऱ्याच युरोपीय पद्धतीची, म्हणजे डिन मापाची बॅटरी घेतात. ती बुटकी, रुंद, टर्मिनल खोलगट आणि ती खालच्या कडेला पकडून बसते. जपानी मापाची उंच, अरुंद आणि वरून पट्टीने दाबलेली. ट्रे पाहिला की कोणत्या जातीची हवी ते कळतं, एकीच्या ट्रेमध्ये दुसरी नीट बसत नाही. आणि सिग्नलला गाडी आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणारी ज्यांची गाडी आहे, त्यांना साधी बॅटरी चालत नाही. त्यांना वारंवार सेल्फ सोसणारी ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते, गाडीत मूळ जी आली असेल ती. किंमत जास्त असते म्हणून लोक साधी बसवतात आणि वर्षभरात परत दुकानात येतात, असं ते म्हणाले. डिझेलवाल्यांनाही त्यांनी तेच बजावलं: डिझेल इंजिनात दाब जास्त, ते फिरवायला ताकद जास्त लागते, तिथे क्षमता कमी करून पैसे वाचवू नका.

30 मे रोजी कंपनीचा माणूस दुकानी आला. वॉरंटीची तपासणी लगेच होत नाही, आधी बॅटरी पूर्ण चार्ज करतात आणि मग भार देऊन पाहतात. म्हणून बॅटरी तिथे ठेवून घेतली. मधल्या काळासाठी दुकानातून तात्पुरती बॅटरी मिळते, ती मागावी लागते, आपणहून देत नाहीत. मी घेतली नाही, कारण त्यांच्याकडे होती तीही R. दोन दिवस गाडी दारात उभी राहिली आणि मी पतसंस्थेत सायकलने गेलो. 31 ला अहवाल मिळाला: चार्जनंतर 12.7 व्होल्ट, भार चाचणीत उत्तीर्ण, उत्पादनदोष नाही. म्हणजे वॉरंटीतून बदलून मिळणार नाही. हे न्याय्यच होतं. पण त्या माणसाने माझ्या विनंतीवरून खाली एक ओळ लिहिली: सदर वाहनास शिफारस केलेला प्रकार 38B20L.

ती ओळ नसती तर पुढचं झालं नसतं. 1 जूनला अहवाल घेऊन दुकानदारासमोर बसलो. या वेळी शांतपणे. त्यालाही ती ओळ वाचून गोष्ट पटली असावी. ठरलं असं: R परत, तिच्या बदल्यात बारीक टर्मिनलची L, वापराचे 700 रुपये माझ्याकडून. पूर्ण पैसे परत मिळावेत असं मला वाटत होतं, अजूनही थोडं वाटतं. पण वापरलेली बॅटरी त्याला नवी म्हणून विकता येणार नव्हती, हेही खरं. अशी अदलाबदल करताना जुनं बिल तसंच ठेवू नका. मूळ बिल रद्द केल्याची नोंद, नव्या बॅटरीचं वेगळं बिल आणि नव्या अनुक्रमांकाचं नवं वॉरंटी कार्ड हे तिन्ही घ्या. नाहीतर दोन वर्षांनी कार्डावर एक नंबर आणि बॅटरीवर दुसरा निघेल. बिलात तेव्हा 28 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला आहे, आता घेणाऱ्यांनी तेवढं पाहून घ्यावं.

बॅटरी जळगावहून यायची होती. 4 जूनला निकालाचा दिवस, कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. 6 तारखेला आली. 7 जूनला, शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत बसवली.

या वेळी मी पोराच्या आधी बोनेटजवळ उभा होतो. दरम्यान 350 रुपयांचा मल्टिमीटर घेतला होता. खोक्यातून काढल्याबरोबर मोजलं: 12.6. नवी म्हणून दिलेली बॅटरी 12.4 च्या खाली असेल तर ती कपाटात बरेच महिने पडून आहे असं समजा आणि दुसरी मागा. शिक्क्यातली उत्पादनाची तारीख दुकानदाराकडून वाचून घेतली, तीन महिन्यांपूर्वीची होती. मग केबल न जोडता बॅटरी नुसती ट्रेमध्ये ठेवली. चारी कडा ट्रेच्या आत. प्लसची केबल स्वतःहून प्लसवर येऊन टेकली, ओढावी लागली नाही. क्लॅम्प खुंटावर बुडापर्यंत उतरले. उंची पाहायला घरून कणकेचा छोटा गोळा आणला होता. तो प्लसच्या लाल टोपीवर ठेवून बोनेट हळूच टेकवलं आणि उघडलं. गोळा दबला नाही, म्हणजे पुरेशी जागा आहे. बोनेटचं लोखंड प्लसला टेकलं तर आग लागू शकते, म्हणून हा एक मिनिट खर्च करा.

जुनी काढताना आधी मायनस, नवी जोडताना आधी प्लस आणि शेवटी मायनस. पाना चुकून गाडीच्या अंगाला लागला तरी ठिणगी पडत नाही ती या क्रमामुळे. दाबपट्टी आणि तिचे दोन हूक बोल्ट जुन्या बाजारातून नानांनी मिळवून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत. बॅटरी हाताने हलवून पाहिली. गाडी हलली, बॅटरी नाही. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागले, पहिली पाच मिनिटं इंजिन जरा अडखळत होतं, मग स्थिरावलं. सेल्फ मारताना प्लस टर्मिनल आणि स्टार्टर यांतला फरक मोजला: 0.3 व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत असला की वायरिंग चांगलं.

हिशेब सांगतो. बॅटरी 3,700, नानांची तपासणी 250, केबल 650, अदलाबदलीचे 700. एकूण 5,300. वर मीटर 350 आणि चांगली जम्पर केबल 650, ते मी खर्चात धरत नाही, ते घरात राहिले. पहिल्याच दिवशी कुणी ती काळी टेप पाहून थांबलं असतं तर 4,350 मध्ये भागलं असतं आणि आई भर दुपारी रस्त्यावर अडकली नसती. पैशांपेक्षा ते दुसरं मला अजून सलतं.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला वेगळी विकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत मार्गाने परत जायला हवी, आणि दुकानात दिली की बिलातून पैसेही वजा होतात. उघड्यावर फोडून शिसं वितळवणाऱ्यांच्या हाती ती गेली तर ते शिसं त्याच मातीत आणि पाण्यात उतरतं.

गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर एवढं लक्षात असू द्या: बंद गाडीही घड्याळ आणि अलार्मसाठी थोडा प्रवाह खात असते. 40 मिलिअँपिअर धरला तर 35 ची भरलेली बॅटरी 36 दिवसांत पूर्ण रिकामी होते आणि गाडी चालू होणं त्याच्या बरंच आधी थांबतं. मी आता दर रविवारी गाडी पारोळ्यापर्यंत फिरवून आणतो, म्हणजे आठवड्याच्या छोट्या फेऱ्यांत गेलेलं भरून येतं.

2025 ची आखाजी 30 एप्रिलला होती. आदल्या दिवशी पुन्हा साक्रीला गेलो, बहीण ओट्यावरूनच पाहत होती, गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. मागच्या आठवड्यात सकाळी मोजलं तेव्हा 12.6 होते. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवला आहे, वर पारदर्शक टेप: "38B20L, बारीक टर्मिनल, वरून दाबपट्टी. जुनी बॅटरी पाहून घेऊ नये, ट्रे आणि केबल पाहून घ्यावी." पुढेमागे गाडी विकली तरी तो कागद काढणार नाही.